पडद्यावरच्या चुका आणि विट्याचा मुलूख

चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. नायक घराचा उंबरा ओलांडतो तो प्रसंग नदीकाठच्या एखाद्या जुन्या वाड्यासमोर टिपलेला असतो आणि उंबऱ्याच्या आतली खोली दोन महिन्यांनी स्टुडिओत उभी राहते. दोघांच्या संवादात चेहरे आलटूनपालटून दिसतात, पण एका चेहऱ्याचे सगळे तुकडे सकाळी आणि दुसऱ्याचे दुपारी घेतलेले असतात. हे तुकडे जोडल्यावर मधला काळ प्रेक्षकाला जाणवू नये, याची काळजी घेण्याला या धंद्यात ‘कंटिन्युटी’ म्हणतात. ती तुटली की पेल्यातले दूध पिता पिता वाढते, कपाळावरची जखम डावीकडून उजवीकडे जाते, बोलण्याच्या एका वाक्यात सावली हातभर लांबते. ही सलगतेची चूक. दुसरी चूक काळाची: जी वस्तू, झाड किंवा शब्द त्या काळी नव्हता तो त्या काळात दाखवणे. तिसरी वस्तुस्थितीची: माणसे, गावे आणि धंदे जसे नव्हते तसे रंगवणे. तिन्हींचे वजन सारखे नाही. पहिली चूक पडद्यावरच राहते. दुसरी आणि तिसरी प्रेक्षकाबरोबर घरी येते आणि पुढे आठवण होऊन बसते. साताऱ्याचा पूर्व भाग आणि सांगलीचा उत्तर भाग, म्हणजे विट्याच्या भोवतालचा मुलूख, या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. पडद्याने सांगितलेल्या काही गोष्टी ताडून पाहण्याचा पुरावा इथे जागेवर आहे.

भारतीय कथापटाच्या आरंभी चुकांचे कारण बहुतेक वेळा अडचण हेच होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा पडद्यावर यायला स्त्रिया तयार नव्हत्या. तारामती साकारली ती खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. सीतेच्या पदराआडून पुरुषी दंड दिसत होते. प्रेक्षकांना ते खटकले नाही, कारण नाटकाच्या रंगभूमीने त्यांची नजर आधीच तयार केली होती. नजरेची ही सवलत बोलपट येईपर्यंत टिकली.

सवलतीवर न विसंबता काम करणारा पहिला मोठा माणूस कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार असल्याने पात्रांचे पोशाख आणि देखावे आधी कागदावर रेखाटत आणि मग उभे करीत. ‘सैरंध्री’ (१९२०) मधला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. कॅमेऱ्याला सूर्याच्या मर्जीवर राहावे लागले नाही की सावल्यांची सलगता आपोआप सांभाळली जाते, त्यामुळे हे पाऊल तांत्रिक सोयीपेक्षा मोठे होते.

पण याच ‘सिंहगड’मध्ये वस्तुस्थितीची एक चूक जशीच्या तशी चालत आली. चित्रपटाला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचा, आणि तिचा सगळा डोलारा असा की तानाजी मालुसरे यांच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, कोंढाण्याला सिंहगड हे नाव मिळाले. प्रत्यक्षात शिवकालीन पत्रव्यवहारात सिंहगड हे नाव १६७० च्या आधीही आढळते. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथाही पोवाड्यातून आलेली आहे, समकालीन कागदांतून नाही. कादंबरी, चित्रपट आणि शाळेतला धडा असा तिचा प्रवास झाला आणि आज ती खोडून काढणे जवळजवळ अशक्य आहे. पेंटरांनी पोशाखाच्या प्रत्येक निरीची काळजी घेतली, पण कथेच्या मुळाशी असलेली चूक तपासली नाही. मराठी ऐतिहासिक चित्रपटाला हा दोष तेव्हापासून चिकटला आहे.

कधी चूक करायला सत्ताही भाग पाडते. व्ही. शांताराम यांचा शिवचरित्रावरचा मूकपट १९३० मध्ये ‘स्वराज्य तोरण’ या नावाने तयार झाला. ब्रिटिश सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द नको होता. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले आणि काही भागही गाळावा लागला. स्वराज्याची कथा, पण तो शब्द शीर्षकात नाही.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) तिने मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत केला. दोन भाषांत तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा म्हणजे सलगता सांभाळण्याचे काम दुप्पट, आणि प्रभातच्या शिस्तीचा पाया अशा कामातूनच घातला गेला. तरीही वस्तुस्थितीच्या बाबतीत प्रभातच्या सर्वोत्तम चित्रपटाने एक विलक्षण गोंधळ मागे ठेवला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये बीज आणि वृक्षाचा दृष्टान्त असलेली एक रचना आहे. ती तुकोबांची नाही. गीतकार शांताराम आठवले यांनी ती चित्रपटासाठी लिहिली. भाषा आणि घडण इतकी तंतोतंत साधली होती की अनेकांनी तिला अस्सल अभंग मानले, आणि आजही मानणारे आहेत. कवी म्हणून आठवल्यांचे हे मोठे यश आहे. गाथेच्या दृष्टीने मात्र ही एक भर आहे आणि ती ओळखून बाजूला ठेवणे अभ्यासकांना भाग आहे.

सलगता राखण्याचे काम आपल्याकडे फार काळ सहायक दिग्दर्शकाच्या वहीवर चालले. कोणत्या टेकमध्ये कोणत्या हातात काठी होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, उदबत्ती किती जळली होती, हे क्लॅपच्या आकड्यासमोर लिहून ठेवायचे. पुढे लगेच हातात पडणारे पोलरॉइड फोटो आले, आता मोबाइल आणि टॅब आहेत. एवढे असूनही चुका राहतात याचे एक कारण संकलनाच्या टेबलावर आहे. नटाने जीव ओतलेला टेक आणि पेला नेमक्या जागी असलेला टेक यांतून एकच निवडायचा असेल, तर जाणता संकलक पहिला निवडतो. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या जोडाचे निकष सांगताना भावनेला १०० पैकी ५१ आणि जागेच्या सलगतेला फक्त ४ वजन दिले आहे. हा हिशेब योग्य आहे. पेल्यातल्या दुधासाठी उत्तम अभिनय फेकून देणे ही जास्त मोठी चूक ठरेल.

काळाच्या चुकीला अशी सबब नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकर यांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाची पहिली झलक आली. तीत शिवरायांच्या वेशातील अक्षय कुमार यांच्या मागे झुंबरात विजेचे दिवे दिसत होते. एडिसनला दिव्याचे पेटंट १८८० मध्ये मिळाले. शिवराय १६८० मध्ये निवर्तले. दोनशे वर्षांचे हे अंतर प्रेक्षकांनी काही तासांत दाखवून दिले. चित्रपटाचा विषय होता सरसेनापती प्रतापराव गुजरांचे २४ फेब्रुवारी १६७४ चे नेसरीचे रण. प्रतापरावांचे गाव भोसरे खटाव तालुक्यात, विट्याच्या खानापूर तालुक्याला लागून. ज्या मुलखातली माणसे प्रतापरावांना आपला माणूस मानतात, तिथे ही चूक हसण्यावारी नेली गेली नाही, आणि ते बरोबरच झाले.

झुंबर चटकन दिसते, झाडे दिसत नाहीत. शिवकालावरच्या बहुतेक चित्रपटांत घोडदळ ज्या रानातून दौडते तिथे गुलमोहर फुललेला असतो, बांधावर घाणेरी असते, उघड्या माळावर वेडी बाभूळ आणि गाजरगवत असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि आपल्याकडे तो एकोणिसाव्या शतकात रुजला. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो इतका तो आज आपला झाला आहे, पण शिवरायांनी तो पाहिलेला नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ अमेरिका खंडातल्या. गाजरगवत तर १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदले गेले. पौराणिक चित्रपटांत देवांच्या गळ्यात घातलेला झेंडूही मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या मागून आलेला. माणदेशातला कोणताही मेंढपाळ वेडी बाभूळ अलीकडची आहे हे सांगू शकतो. निर्मात्याने त्याला विचारलेले नसते, एवढेच.

अंतराच्या चुकाही अशाच. ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) मध्ये कोंढाण्यावर एक प्रचंड तोफ आणली जाते, ती राजगडावर डागण्यासाठी. दोन गडांमधले हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. सतराव्या शतकात इतका पल्ला असलेली तोफ जगात कुठेही नव्हती. दोन्ही गड पायी चढलेल्या हजारो मराठी तरुणांना हे अंतर डोळ्यांनी माहीत आहे.

स्थळाच्या चुकांत सातारा जिल्ह्याचा वाटा वेगळाच आहे, कारण इथली गावे सतत दुसऱ्या प्रांतांच्या नावाने पडद्यावर आली. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’ (२००३) मध्ये वाई परिसर बिहार झाला. ‘स्वदेस’ (२००४) मधले चरणपूर म्हणजे नाना फडणविसांचे मेणवली, आणि ‘दबंग’ (२०१०) मधले उत्तर प्रदेशातले लालगंज म्हणजे पुन्हा वाई. वेश, बोली, पाट्या सगळे बदलता येते, पण दगड बदलत नाही. काळ्या बेसाल्टचे घाट, उत्तर पेशवाईतली देवळे आणि मागे माथा सपाट असलेले सह्याद्रीचे डोंगर, हे गंगेच्या सपाट गाळाच्या प्रदेशात कुठून येणार? निर्मात्यांची सोय समजण्यासारखी आहे: मुंबईपासून जवळ, पाणी बारमाही, घाट शाबूत. गावाला रोजगारही मिळतो. मात्र उत्तर भारतातल्या प्रेक्षकाच्या मनात त्याच्याच प्रांताचे एक खोटे चित्र तयार होते आणि वाईकराचे गाव त्याच्याच नावाने पडद्यावर फार क्वचित येते. हे नुकसान दोन्हीकडचे आहे.

धंद्यांच्या बाबतीत तमाशाचे उदाहरण सर्वांना जवळचे. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पासून ‘पिंजरा’ (१९७२) पर्यंतच्या तमाशापटांच्या लाटेने शहरी प्रेक्षकाच्या मनात तमाशाचे एकच चित्र पक्के केले. वास्तवात ढोलकी फड आणि संगीत बारी या दोन वेगळ्या परंपरा आहेत. फड गावोगाव तंबू घेऊन फिरतो. गण, गौळण, बतावणी आणि वग हा त्याचा क्रम, आणि पावसाळ्यात तो बंद असतो. संगीत बारी थिएटरात मुक्काम करते, तिथे वग नसतो, लावणीची बैठक असते. चित्रपटांनी बारीची लावणी उचलली आणि फडाच्या तंबूत नेऊन ठेवली. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्या फडांनी ज्या वगनाट्यांवर गावेच्या गावे जागवली, ती विनोदाची आणि अभिनयाची बाजू या चित्रात मागे पडली.

विट्याच्या स्वतःच्या धंद्याला पडद्याने याहून जास्त चुकीचे रंगवले आहे, फक्त त्याची दखल कोणी घेतलेली नाही. खानापूर-आटपाडीचा भाग पर्जन्यछायेचा. दुष्काळाने शेती नकोशी केली तेव्हा इथली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला लागली आणि भारतभरच्या सराफ बाजारांत पोचली. मोडीत आलेले दागिने वितळवून त्यातून शुद्ध धातू वेगळा काढणे हे त्यांचे काम. मुलखात त्यांना गलाई बांधव म्हणतात, आणि यंत्रमागाच्या जोडीने विट्याची बाजारपेठ उभी राहिली ती त्यांच्या गावी येणाऱ्या पैशावर.

आता चित्रपटातले सोने पाहावे. चोर दागिने एका पळीत टाकतो, खाली स्टोव्ह पेटवतो आणि क्षणात पिवळा रस होतो. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यासाठी भट्टी हवी, झोत हवा, मूस हवी आणि टाकणखार हवा. साध्या पळीचे काम तिथे नाही. पुढचा टप्पा तर पडद्यावर कधी येतच नाही. सोन्यातली भेसळ काढण्यासाठी त्यात आधी चांदी मिसळतात, मग ते नायट्रिक अॅसिडमध्ये, म्हणजे तेजाबात, टाकतात. चांदी आणि तांबे विरघळते, नारिंगी-तपकिरी विषारी धूर उठतो आणि तळाशी उरते ते सोने चमकत नाही. ती मातकट तपकिरी भुकटी असते. पुन्हा मुशीत टाकणखार घालून वितळवल्यावरच तिला सोन्याचे रूप येते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवतात. वर्षानुवर्षे हा धूर छातीत भरून ज्यांनी काम केले, त्यांच्यासमोर पडद्यावरचा पिवळा रस फारच स्वस्त वाटतो.

वजनाची चूक त्याहून मोठी. तस्करीच्या चित्रपटांत सोन्याच्या बिस्किटांनी भरलेली ब्रीफकेस नायक एका हाताने उचलून पळतो. सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९.३ पट आहे. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि १० उंच अशी बॅग सोन्याने पूर्ण भरली तर वजन २३० किलोच्या आसपास होते. दहा तोळ्यांची, म्हणजे सुमारे ११६.६ ग्रॅमची, जवळजवळ दोन हजार बिस्किटे. निम्मी भरली तरी शंभर किलोच्या वर. विट्यातला गलाईचे काम शिकणारा पोरगाही हे हातानेच ओळखेल.

या मुलखाशी जोडलेला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट मात्र वेगळ्या जातीचा आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये आला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. कथा आणि पटकथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर जन्माने शेटफळ्याचे, आटपाडी भागातले, तेव्हाच्या औंध संस्थानचे प्रजाजन. कथेचे मूळ त्यांच्या घरापासून फार लांब नव्हते. विट्याच्या ईशान्येला, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये औंध संस्थानाने स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत वसवली होती.

चित्रपटात आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळावर जातो. भिंत नाही, बेड्या नाहीत. त्यांना बांधून ठेवते ती त्याची नजर. स्त्री म्हणून पडद्यावर ठळकपणे वावरते ती खेळणी विकणारी चंपा. ते भाजी पिकवतात, प्रामाणिक दराने विकतात, व्यापाऱ्याशी वैर येते आणि पिकावर सोडलेल्या बैलांना अडवताना जेलर मरतो. त्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना खरोखर गंभीर इजा झाली होती.

स्वतंत्रपुरात जे घडले ते याहून साधे आणि विचार करता अधिक धाडसी होते. त्यामागे एकटा माणूस नव्हता. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन या तिघांचा त्यात वाटा होता. फ्रीडमन पोलंडचे ज्यू अभियंते, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यातले अधिकारी, पुढे गांधींच्या सहवासातले भारतानंद. याच मंडळींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये औंधला नवी राज्यघटना दिली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. खुला तुरुंग हा त्या लोकराज्याच्या प्रयोगाचाच भाग होता. याच संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० पासून किर्लोस्करवाडी उभारताना गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना राखणदार नेमले होते. माणसावर विश्वास टाकण्याची हवा या भागात आधीपासून होती.

फरक कुठे पडला ते इथे कळते. स्वतंत्रपूरची वसाहत कैद्यांना त्यांच्या बायकामुलांसह राहू देणारी आहे. माणूस पळून जात नाही कारण त्याचे घर, त्याची शेती आणि त्याची मुले तिथेच आहेत. चित्रपटाने नेमके कुटुंब मागे सारले आणि त्याच्या जागी एका थोर माणसाची नजर ठेवली. राजाचा ठराव, पंचायत, घटना यांपैकी काहीही पडद्यावर उरले नाही. उरला एक हुतात्मा. नाट्य म्हणून हा बदल प्रभावी आहे यात वाद नाही, आणि चित्रपटाने इतिहास असल्याचा दावाही केला नव्हता. पण परिणाम असा झाला की हा प्रयोग एका विलक्षण माणसाशिवाय चालू शकत नाही, अशी समजूत पसरली. फ्रीडमन बैलांच्या शिंगांवर मेले नाहीत. ते १९७० च्या दशकापर्यंत जगले आणि अखेरच्या वर्षांत त्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणली. औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. आटपाडी पुढे दक्षिण साताऱ्यात आणि १९६० पासून सांगली या नावाच्या जिल्ह्यात आली.

राजा गेला, संस्थान गेले, फ्रीडमन गेले. स्वतंत्रपूरची वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली आणि कैदी तिथे आजही कुटुंबासह राहून शेती करतात.